बहिणीने आणलेलं तेल

माझी धाकटी बहीण रोह्याला, नदीपलीकडच्या अष्टमी गावात दिलेली. मी एसटीत ड्रायव्हर. बरीच वर्षं पेण–रोहा गाडी माझ्याकडेच असायची. रोह्याला गाडी लागली की पूल ओलांडून तिच्याकडे चहाला जायचो. आई लवकर गेली, त्यामुळे तिची वेणी घालण्यापासून लग्नापर्यंत सगळं मीच केलेलं.

दोनेक वर्षांपूर्वी मला संधिवाताने धरलं. गुडघे, मनगटं सुजायची, सकाळी मूठ वळायची नाही. पेणच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. सूज थोडी उतरली, पण मांड्या वाळत चालल्या. एकदा घाटात क्लच दाबताना डावा पाय थरथरला आणि मी स्वतःच रजा टाकली. मागे भरलेली गाडी असताना तसल्या पायावर भरवसा कोण ठेवणार?

बहीण लगेच भेटायला आली. येताना जवसाच्या तेलाच्या बाटल्या घेऊन आली. ती नुकतीच एका तेलवाल्या कंपनीचं काम करायला लागली होती.

"दादा, हे सकाळ-संध्याकाळ दोन चमचे घे. सूज आतून उतरते आणि मांस भरतं."

"तेलाने मांस भरतं?" बायकोने विचारलं.

"वैनी, आमच्या मीटिंगला डॉक्टर येतात, ते सांगतात. फक्त पथ्य पाळायचं. अंडी नाय, मासळी नाय, डाळसुद्धा बेताची. त्यानं सूज वाढते. तेलाला त्याचं काम करू द्यायचं."

दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. गोळ्या चालूच ठेवल्या आणि तिचं पथ्यही सुरू केलं. घरात बोंबलाचं कालवण शिजायचं आणि माझ्या ताटात दुधीची भाजी, मऊ भात. वर ते तेल. त्याला रंगाच्या डब्यासारखा वास यायचा. नाक दाबून घ्यायचो.

बोटांची सूज जरा कमी वाटायची, नाही असं नाही. पण पाय आणखीच बारीक झाले. खुर्चीतून उठताना बायकोचा खांदा लागायचा. फोनवर बहिणीला सांगितलं की ती म्हणायची, "आधी जुनं झडतं दादा, मग नवं भरतं. मी हाय ना!" आणि पुढच्या बाटल्या पाठवायची.

मग खांब गावच्या एका शेतकऱ्याचा फोन आला. माझ्या गाडीचा जुना प्रवासी, भल्या मनाचा माणूस.

"काय ड्रायव्हरसाहेब, परत गाडीवर आलात म्हणे! लय बरं वाटलं."

"कोणी सांगितलं?"

"तुमच्या बहिणीनंच. कोलाडला हॉलमध्ये तेलाची सभा होती ना, तिथं. तुमचा खाकीतला फोटो पडद्यावर दाखवला. भाऊ उठत नव्हता, तेल घेतलं आणि आता स्टेअरिंग धरतो, असं म्हणाली. मी पण आईसाठी दोन बाटल्या घेतल्या."

"आईला डॉक्टरांना विचारूनच द्या," एवढंच म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन रोह्याची गाडी पकडली. पायरी चढवेना. कंडक्टर माझ्याच डेपोचा. त्याने काखेत हात घालून वर ओढलं आणि दुसरीकडे बघत घंटी मारली.

अष्टमीला पोचलो तेव्हा दार उघडंच होतं. मेव्हणा जेवायला बसला होता. पावसाळ्यात घसरून त्याचं खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालं होतं. त्याच्या ताटात उकडलेली अंडी, वाटीभर घट्ट डाळ, तळलेला बांगडा.

"या दादा, बसा जेवायला!" तो मनापासून म्हणाला. "डॉक्टरांनी बजावलंय, अंडी-मासळी-डाळ रोज पाहिजे, नायतर पाय वाळतील. ही तर समोर उभी राहून खाऊ घालते."

तेवढ्यात बहीण आतून बांगड्याची आणखी एक तुकडी घेऊन आली. मला बघून जागच्या जागी थांबली.

"ह्यांना तेल नाय देत गो?" मी विचारलं.

"त्यांचं वेगळं हाय दादा. त्यांचं ऑपरेशन झालंय."

"वाळणारे पाय वेगळे असतात?"

मेव्हणा एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला. त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

"आणि कोलाडला माझा फोटो दाखवलास?"

"तू बरा होणारच होतास ना," ती हळूच म्हणाली. "मी फक्त आधी सांगितलं."

मला ओरडायचं होतं. पण तेवढ्यात गुडघे लटपटले. तिनेच धावत येऊन खुर्ची सरकवली आणि मी तिच्याच घरात, तिच्याच खुर्चीवर बसलो. उभं राहून भांडण्याइतकी ताकदसुद्धा माझ्यात उरली नव्हती. माझं सगळ्यात जास्त मन दुखलं ते तिथं.

पेणला डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "जवसाचं तेल वाईट नाही. सुजेला थोडीफार मदत होतही असेल. पण स्नायू तेलाने बनत नाहीत. या आजारात सूज आधीच स्नायू खाते. त्यात तुम्ही अंडी, मासळी, डाळ तोडलीत. मग शरीराने भरून कशातून काढायचं?"

पुन्हा नीट जेवायला लागलो. जोडीला खुर्चीतून उठबस, घोट्याला वाळूची पिशवी बांधून पाय उचलणं. फरक पडला, पण सावकाश. आता आधाराशिवाय जिना चढतो. मोठी गाडी मात्र गेली ती गेलीच. डेपोत खिडकीशी बसून गाड्यांच्या वेळा पुकारतो.

बहिणीने कंपनीचं काम सोडलं असं मेव्हणा सांगतो. भाऊबीजेला ती आली. मी नको म्हटलं नाही. ओवाळताना तिचे डोळे भरले होते.

"पाय चांगले भरलेत रे दादा," ती म्हणाली.

मी बायकोकडे बघितलं. तिने हो म्हणून मान हलवली, तेव्हा कुठे मला ते खरं वाटलं.