कानांची वही

तिरोडकर सर माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसत, कानाकडे बघत. हजेरी घेताना नाव पुकारलं की त्यांची नजर त्या मुलाच्या कानाच्या पाळीवर जाऊन टेकायची आणि मगच त्यांचं 'हं' यायचं. लालबागच्या आमच्या शाळेत ते जीवशास्त्र शिकवत. लांब बाह्यांचा पांढरा सदरा, धोतर, आणि काखेत काळ्या पुठ्ठ्याची जाड वही. मी तेव्हा अकरावीत होतो. दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. रोज कुठेतरी सभा, कुठेतरी मोर्चा. परक्या माणसानं चाळीत पाऊल टाकलं की चार दारं किलकिली होत. साध्या वेषातले पोलीस फिरतात, खबरे फिरतात, याखेरीज नळावर दुसरं बोलणं नसे.

पेशी आपली रंगसूत्रं निम्मी करून पुढे कशी देते, हे सरांनी आम्हांला गिरणीच्या सुतावर शिकवलं. बहुतेकांचे वडील गिरणीत, त्यामुळे लाल-निळ्या धाग्यांना तोटा नव्हता. टेबलावर जोड्या मांडून सर म्हणाले, "लाल बापाकडून आलेलं, निळं आईकडून. आता बघा. वेगळं होण्याआधी ही जोडी एकमेकांना बिलगते." मागच्या बाकावर कोणीतरी खाकरलं. सरांनी तिकडे लक्षही दिलं नाही. दोन्ही धागे एका जागी कापून त्यांनी टोकं बदलली आणि गाठी मारल्या. "बिलगताना तुकड्यांची अदलाबदल. मग ताटातूट. नव्या पेशीला जोडीतला एकच धागा."

"सर, म्हणजे हे आपलं द्विभाषिक राज्यच की!" परब म्हणाला. "ताटातूट झाल्यावर मुंबई कोणाकडे?"

वर्गात हशा फुटला. सरही हसले. "ते दिल्लीला विचार. माझ्या टेबलावर दिसतं तेवढंच मी सांगतो."

पुस्तकात एक नियम होता. कानाची पाळी गालाला चिकटलेली असणं हा दबून राहणारा गुण. म्हणून आईबाप दोघांच्याही पाळ्या चिकटलेल्या असतील, तर मुलाची मोकळी, लोंबती होऊच शकत नाही. सरांनी तो वाचून दाखवला आणि पुस्तक मिटलं. "छापलंय खरं. पण आपल्याकडे कोणी घरोघर जाऊन बघितलंय? छापलेल्यावर आधी संशय घ्यावा." आणि ते खरंच घरोघर जाऊ लागले. कोकणातल्या लोकांच्या चाळीत जात, नुकतीच बौद्ध दीक्षा घेतलेल्यांच्या चाळीत जात, मिळेल त्या सतरंजीवर मांडी घालून बसत. वहीत पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आईबापांपासून मुलांपर्यंत रेघ. पाळी चिकटलेली असेल तर पेन्सिलीनं काळं करायचं, मोकळी असेल तर कोरं ठेवायचं.

एका रविवारी ते आमच्याकडे आले. आईनं चहा पुढे केला आणि पदर सावरत म्हणाली, "मास्तरानू, आमचे कान बघून बाळ्याक मार्क गावतले काय?" बाबा मोठ्यानं हसले आणि त्यांनी कान पुढे केला. सरांनी एक काळा चौकोन काढला. मग आईकडे बघून एक काळं वर्तुळ. खाली माझा चौकोन काढला, आणि पेन्सिल थांबली. तो कोराच राहिला. सरांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, वहीच्या कडेला बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं आणि चहा अर्धा टाकून उठले.

नियम मला पाठ होता.

त्या दिवसापासून मी स्वतःच्या घरात चोरासारखा वावरू लागलो. बाबांच्या रातपाळ्या आठवू लागलो. समोरच्या खोलीतले कदमकाका आईला 'वैनी' म्हणून हाक मारत, तिला मासळी आणून देत. त्यांच्या पाळ्या मोकळ्या होत्या. मी आरशात माझा कान बघायचो, मग गॅलरीत उभं राहून त्यांचा. आणि सगळ्यांत जास्त भीती वाटायची ती त्या वहीची. आमचं पान तिच्यात होतं.

पुढच्याच आठवड्यात चाळीतल्या दोघांना पोलिसांनी घरातून उचललं. त्यांनी आदल्या दिवशी भर चौकात भाषणं केली होती. त्यांना धरायला खबऱ्या कशाला हवा होता? पण कोणाला तरी आठवलं, की मास्तरनं त्या दोघांचे चौकोन काळे केले होते. संध्याकाळी सर शेजारच्या बिऱ्हाडाचे कान बघायला आले, तेव्हा चाळीच्या कार्यकर्त्यांचा म्होरक्या गणू राणे जिन्यातच उभा होता. त्यानं वही हिसकावून उघडली.

"काय हो मास्तर, हे काळे केलेले कोण? ज्यांना आत टाकायचंय ते?"

"अहो, ते कान आहेत," सर म्हणाले.

"कान! ऐकलंत का रे? पोलिसांचे कान!"

माणसं जमली. सरांची नजर गर्दीतून फिरत माझ्यावर थांबली. "सावंत, तू सांग यांना. मी वर्गात शिकवलंय. काळा चौकोन म्हणजे काय?"

गणूदादा माझ्याकडे वळला. "बोल रे बाळ्या. तू याच्या वर्गात ना? काय ते?"

आई दारात उभी होती. कदमकाका गॅलरीत होते. मी सांगितलं असतं, तर वही सरांना परत मिळाली असती.

"मला ठाऊक नाही," मी म्हणालो.

गिरणीतलं काळं वंगण कोणीतरी डब्यातून आणलं आणि सरांच्या तोंडाला फासलं. ते हलले नाहीत. मोरीजवळच्या पेटत्या बंबाकडे वही नेताना मात्र ओरडले, "माझं काय करायचं ते करा, पण वही नका जाळू!" वही जळली. सर शाळेत पुन्हा आले नाहीत.

वही गेली, संशय राहिला. आईला मी कधी विचारलं नाही. पण माझ्या नजरेत ते असणारच. भाकरी वाढताना थबकून ती म्हणायची, "बाळ्या, तू माझ्याकडे असो कित्याक बघतस?" आधी बाबा गेले, मग ती गेली. माझा मुलगा जन्मला, तेव्हा मी आधी त्याचे कान पाहिले.

मागच्या वर्षी परबकडून कळलं, की सर माहीमला पुतण्याकडे असतात, डोळे गेलेत. मी गेलो. मी 'सर' म्हणून हाक मारली, तशी नाव सांगण्याआधीच त्यांनी हात पुढे केला, माझी पाळी चिमटीत धरली.

"मोकळी. आवाज लालबागचा. कोण?"

"सावंत, सर."

बोटं थांबली. मग ती हळूच बाजूला झाली. मी सगळं सांगितलं. 'ठाऊक नाही' का म्हणालो तेही, आईचंही. बोलताना मी त्यांच्या पायांकडे बघत होतो.

ते म्हणाले, "त्या दिवशी कडेला काय लिहिलं होतं, ठाऊक आहे? 'आणखी एक घर.' तुझ्यासारखी बरीच घरं सापडली होती रे. आईबाप काळे, मुलगा कोरा. आता मला सांग, इतक्या सगळ्या बायका खोट्या, की एक पुस्तक खोटं?"

मी त्यांच्या पायांवरून नजर उचलली.

"नियम इतका साधा नाही, हे पुढे इतरांनी लिहिलं. मी तेव्हाच दाखवलं असतं. दुसऱ्यांदा वही करायला बसलो, पण तोंडाला काळं लागलेल्या माणसाला कोण कान दाखवणार?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, मला तो असता तर बरं वाटलं असतं. "चहा अर्धा टाकून उठलो, कारण तुझा चेहरा पाहिला होता. सोमवारी वर्गात सांगू म्हटलं, मग वाटलं, अजून चार घरं बघू आणि पुराव्यासकट सांगू. तेवढं माझं चुकलं."

त्यांनी उशाखाली चाचपून एक वही काढली. कोरी होती. "मला दिसत नाही. तू काढ."

मी पेन्सिल घेतली. एक चौकोन काढला, काळा केला. शेजारी वर्तुळ काढलं, काळं केलं. खाली माझा कोरा चौकोन काढला.

"रेघ ओढलीस?" सरांनी विचारलं.

मग त्या दोघांपासून माझ्यापर्यंत मी रेघ ओढली. ती सरळ आली.