उशामागचं धुराडं

माप ओलांडून मी कुंभकोणमच्या घरात पाऊल ठेवलं, तेव्हा सासूबाईंनी मला आधी चक्क हुंगलं. "रेलाचा वास येतो तुज. न्हाऊन ये कण्णा, मग बोलूं." मी साताऱ्याची. सासू सुनेला पारखते हे ऐकून होते, पण नाकाने?

त्यांचं नाव अंबुजाबाई. त्या घराच्या रीतीप्रमाणे मी त्यांना आत्या म्हणायचे. त्यांची मराठी तंजावरी, जुन्या वळणाची, मधे मधे तमिळ पेरलेली; कण्णा म्हणजे बाळा. "आधीं मज हुंगूं दे" हे त्यांचं पालुपद. तांदूळ, तूप, पाहुण्यांनी आणलेली मिठाई, काही म्हणता काही सुटायचं नाही. तिरुनागेश्वरमच्या दूधवाल्याला तर त्या दारात दिसल्या की घाम फुटायचा.

घरच्या विठोबाचा नैवेद्य लाकडाच्या चुलीवरच व्हायचा, पिढ्यान्‌पिढ्या. मला दिवस गेले आणि खोकल्याने धरलं. रात्री बरी असायचे, सकाळी जीव घुसमटायचा. माझा श्वास असाच तोकडा पडला तर बाळाला धोका आहे, असं डॉक्टरांनी बजावलं. नातेवाईक म्हणाले, "हवा मानवत नाही, माहेरी पाठवा." माहेर कुठलं? आई-वडील दोघेही गेलेले, घराला कुलूप.

एका सकाळी आत्या माडीवर आल्या, माझी उशी उचलून हुंगली, मग उशामागची भिंत हुंगली. "अय्यो! पुगै!" पुगै म्हणजे धूर. खालच्या चुलीचं धुराडं त्याच भिंतीतून वळण घेऊन वर जात होतं, आणि आतल्या विटा फाकल्या होत्या. आत्या तरातरा खाली गेल्या आणि पेटत्या चुलीवर तांब्याभर पाणी ओतलं. नैवेद्याचा भात अर्धाकच्चा! माझा नवरा बघतच राहिला.

"विठोबा गॅसवरचा भात जेवील," त्या म्हणाल्या. "लेकरानें धूर कां खावा?"

भजनाला येणाऱ्या बायकांनी नाकं मुरडली. आत्यांनी दाद दिली नाही. पण थंड चुलीकडे बघून सुस्कारे टाकताना मी त्यांना पाहिलं होतं. शेवटी चुलीच्या जागी लाकडावरचीच, पण बंद लोखंडी शेगडी बसवायची आणि धुराड्याच्या आतून नवा पाइप सोडायचा, असं ठरलं. आम्ही तिघं दुकानात गेलो. दुकानदाराने पत्र्याचे पाइप काढले, एकात एक बसणारे तुकडे. आत्यांनी ते हुंगले, हे सांगायला नकोच. मग तमिळमध्ये विचारलं, "सांधा कुठे येणार?"

दुकानदाराने हिशेब करून सांगितलं, वळणावर.

"म्हणजे हिच्या उशाशीं," आत्या आम्हाला म्हणाल्या.

"अम्मा, सांधा पक्का बसवतात," नवरा म्हणाला.

"पक्का म्हणे! विटाही पक्क्याच होत्या."

लाकडाच्या धुराचं ओलसर काजळ पत्र्याला खातं, हे दुकानदारानेही कबूल केलं. वळणावर वाकणारा, खालपासून वरपर्यंत अखंड असा स्टीलचा पाइप कोइमतूरहून मागवावा लागला. तो येईपर्यंत विठोबा बिचारा गॅसवरचाच भात जेवला.

पाइप छपरावरून आत सोडला, शेगडी पेटली. आत्यांनी मला अंगणात बसवलं आणि स्वतः माडीवर जाऊन दारं-खिडक्या लावून माझ्या अंथरुणावर आडव्या झाल्या. दुपार झाली तरी बाईंचा पत्ता नाही. नवऱ्याने दार वाजवलं, "अम्मा, जेवायला चल."

"गप! मी श्वास घेत्यें."

उन्हं कलल्यावर खाली आल्या, तेव्हा नाकाच्या शेंड्याला चुना लागला होता. "आतां नीज," एवढंच म्हणाल्या. मी त्यांच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडले. आई गेल्यापासून माझ्यावर एवढी माया कुणी केली नव्हती.

मुलगी याच घरात वाढली. इस्पितळातून आणली, तेव्हा उंबऱ्यातच आत्यांनी हात पुढे केले, "आधीं मज हुंगूं दे." आणि बराच वेळ तिच्या टाळूवरून नाक काढलं नाही.

गेल्या वर्षी आत्या गेल्या. सुतक फिटेपर्यंत शेगडी थंड होती. पुन्हा पेटवली त्या दिवशी मी सगळ्यांना खालीच थांबवलं. त्या माडीवर आता मुलगी झोपते. दारं-खिडक्या लावून तिच्या अंथरुणावर आडवी झाले आणि भिंतीला नाक लावलं. नुसता चुन्याचा वास.

बऱ्याच वेळाने नवऱ्याने दार वाजवलं. "अगं, जेवायला चल."

"गप," मी म्हणाले. "मी श्वास घेत्यें."