लाल खडूच्या बाई

आमच्या बाई सेमिनारमध्ये बोलणाऱ्याला मध्येच अडवायच्या तेव्हा ‘थांबा’ म्हणायच्या नाहीत, ‘साकु’ म्हणायच्या. अक्कलकोटकडच्या घरात कानडी बोलत वाढलेल्या, त्यामुळे ‘पुरे’साठी त्यांच्या तोंडी तोच शब्द बसलेला. बोलणारा पुण्याचा असो की परदेशात राहून आलेला, तिसऱ्या बाकावरून ‘साकु’ आलं की त्याचा फळ्यावरचा हात थांबायचाच. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा इतकी दचकले की हातातला खडू मोडला. पुढे सवय झाली, पण दचकणं काही पूर्ण गेलं नाही. बाईंच्या बाबतीत माझं आयुष्य दचकण्यातच गेलं असं म्हटलं तरी चालेल.

सोलापूरला विद्यापीठाच्या गणित विभागात दर बुधवारी दुपारी तीन वाजता बाई डिस्क्रीट गणिताचा सेमिनार चालवायच्या. डिस्क्रीट म्हणजे सुट्या सुट्या, बोटावर मोजता येणाऱ्या गोष्टींचं गणित. नवख्या माणसाला बाई गावातल्या सात रस्ता चौकात नेऊन सोडायच्या, अर्थात फळ्यावर. मध्ये एक बिंदू काढायचा, त्यातून सात रेषा, रेषांच्या टोकांना पुन्हा बिंदू. ‘आता रिक्षावाल्याला सगळ्या बिंदूंतून एकेकदाच जाऊन परत यायचंय. जमतंय का बघ.’ मे महिन्यात पंखा गरम वारा फेकत असायचा, आठदहा माणसं घाम पुसत असायची आणि रिक्षा फळ्यावर फिरत असायची. विभागात प्रोजेक्टर आला तेव्हा बाईंनी त्याच्यावर आपली पर्स ठेवली, ती शेवटपर्यंत तिथंच राहिली.

बाई कुणाला नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. मी नातेपुत्याची, म्हणून मी ‘नातेपुते’. माझा मित्र श्रीनिवास सोलापूरच्याच पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांच्या घरातला, तंत्रनिकेतनात शिकवायचा. तो ‘पूर्वभाग’. मी शहरातल्या एका कॉलेजात शिकवून त्यांच्याकडे पीएच.डी. करत होते. सहा वर्षांत माझं नाव त्यांच्या तोंडून ऐकल्याचं आठवत नाही. मोठं काही सांगायला गेलं की म्हणायच्या, ‘नातेपुते, हे लई मोठं झालं. लहानात लहान उदाहरण घे की.’ आणि ‘हे उघड आहे’ असं सेमिनारमध्ये म्हणायला सक्त मनाई होती. उघड असेल तर करून दाखवायचं.

टेबलावर एक लाल खडू असायचा. बोलणाऱ्याची एखादी ओळ कुणालाही खटकली, तर त्यानं वाद घालायचा नाही. उठायचं, फळ्याशी जायचं आणि त्या ओळीभोवती लाल वर्तुळ काढून परत येऊन बसायचं. ओळ नीट झाल्याशिवाय ते वर्तुळ पुसायचं नाही. नंतर बाईंच्या डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी निघायची, आणि ज्याच्या ओळीला वर्तुळ मिळालं असेल त्याला पहिला तुकडा. ‘चूक सापडली म्हणजे दिवस वाया गेला नाही,’ असं त्या म्हणायच्या. मी असे पहिले तुकडे भरपूर खाल्लेत.

बाईंच्या ओळीला मात्र कधीच कुणी वर्तुळ काढलं नव्हतं. तरुणपणी त्यांनी एक प्रमेय सिद्ध केलं होतं. तीन किंवा अधिक बिंदूंच्या एका विशिष्ट प्रकारच्या जाळ्यात किती रेषा असल्या म्हणजे रिक्षा सगळीकडे एकेकदाच जाऊन परत येणारच, हे ते सांगायचं. बाईंना बाहेर ओळखत ते या प्रमेयामुळे. माझा सगळा प्रबंध त्याच्यावर उभा होता.

प्रबंध द्यायला दोन महिने राहिले असताना मी बाईंचा जुना लेख पुन्हा वाचायला घेतला. सिद्धता एकेक बिंदू वाढवत जाणारी होती. पहिली पायरी तीन बिंदूंची. तिथं बाईंनी लिहिलं होतं, ‘तीन बिंदूंसाठी हे उघड आहे.’ मला हसूच आलं. नंतर सहज म्हणून मी तीन बिंदू काढले. बाईंच्या अटीप्रमाणे दोन रेषा पुरत होत्या. दोन रेषांवरून रिक्षा जाते, परत येत नाही. मी ते चार वेळा काढलं. आयुष्यभर सगळ्यांकडे लहानात लहान उदाहरण मागणाऱ्या बाईंनी स्वतःचं लहानात लहान उदाहरण बघितलंच नव्हतं.

मी कुणाला सांगितलं नाही, श्रीनिवासलाही नाही. प्रबंधात जिथं जिथं ‘तीन किंवा अधिक बिंदू’ होतं, तिथं गुपचूप ‘चार किंवा अधिक’ केलं आणि कच्चा खर्डा बाईंच्या टेबलावर ठेवून आले. बाईंना दुखवायचं नाही म्हणून केलं, असं मी स्वतःला समजावत होते. खरं तर मला माझे सहा वर्षांचे कष्ट वाचवायचे होते.

तीन आठवड्यांनी सेमिनारमध्ये माझी पाळी होती. मी फळ्यावर प्रमेय लिहिलं: चार किंवा अधिक बिंदू. पाठीमागून ‘साकु’ आलं नाही. बाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, लाल खडू घेतला आणि ‘चार’भोवती वर्तुळ काढलं.

‘हितं चार का?’

मी डस्टर उचललं, परत ठेवलं.

‘माझ्या लेखात तीन आहेत. तू चार लिहिलंस. तीनचं काय झालं?’

बाईंनी थोडा वेळ वाट बघितली. मग स्वतःच तीन बिंदू काढले, दोन रेषा काढल्या आणि लोकांकडे वळल्या. ‘हे बघा. रिक्षा परत येत न्हाय. म्हणजे माझं प्रमेय खोटं आहे. आणि चारची पायरी तीनवरच उभी आहे की, म्हणजे हिचंही पडलं.’ भाजी आणायची राहिली असं सांगावं, तशा आवाजात त्यांनी हे सांगितलं. मग बाईंनी डबा उघडला आणि पहिला तुकडा स्वतः खाल्ला.

व्हरांड्यात त्यांनी मला गाठलं. ‘कधी कळलं तुला?’

‘महिना होईल, बाई.’

‘सांगितलं का न्हाईस?’

‘तुमचं आयुष्यभराचं काम आहे ते,’ मी म्हटलं.

‘माझं काम, का तुझा प्रबंध?’

मला रडू फुटलं. ‘दोन्ही,’ मी म्हटलं. बाईंनी पदराला लागलेला खडू झटकला. ‘बरं. उद्या ये. चार बिंदू हातानं करू.’ त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

आम्ही हातानं केलं. चार बिंदूंची दोन जाळी फसली. म्हणजे मी लपवण्यासाठी लिहिलेले चारसुद्धा खोटेच होते. पाचपासून मात्र प्रमेय खरं निघालं आणि प्रबंध वाचला, वर्षभर उशिरा. शेवटच्या दिवशी कागद आवरताना बाईंनी विचारलं, ‘तुझं नाव काय गं, पूर्ण?’ मला वाटलं, कसल्यातरी फॉर्मवर लिहायचं असेल. मी सांगितलं.

बाई निवृत्त होऊन अक्कलकोटला बहिणीकडे राहायला गेल्या, आणि काही महिन्यांनी त्यांच्या लेखाची दुरुस्ती छापून आली. दोनच पानं. पहिल्या परिच्छेदात माझं पूर्ण नाव होतं आणि पुढे लिहिलं होतं, ‘हा दोष हिने प्रथम दाखवला.’ मी खुर्चीत बसूनच राहिले. फोन येऊ लागले. स्वतःच्या मार्गदर्शकाची चूक दाखवायला केवढं धाडस लागतं, असं ओळखीचे, बिनओळखीचे म्हणू लागले. कॉलेजात माझा सत्कार झाला. नारळ घेताना माझी मान वर होईना.

मी बाईंना फोन केला. ‘बाई, तुम्ही खोटं छापलंत.’

‘काय खोटं? तू चार लिहिलं नसतंस तर मला दिसलंच नसतं की. तीनचे चार का झाले म्हणून मी बघायला गेले.’

‘पण मी दाखवत नव्हते, लपवत होते.’

‘मग ते बुधवारी सांग,’ बाई म्हणाल्या, आणि शेंगा महाग झाल्याचं सांगू लागल्या.

सेमिनार आता मी चालवत होते. पुढच्या बुधवारी बाहेरचा पाहुणा होता, त्याच्यासमोर कशाला म्हणून राहिलं. त्याच्या पुढच्या बुधवारी माणसंच कमी होती. मग परीक्षा आल्या. बाई फोनवर सगळं विचारायच्या, कोण बोललं, कुणाला वर्तुळ मिळालं. ते एक मात्र त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. असे दोन वर्षांचे बुधवार गेले.

गेल्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी श्रीनिवासचा फोन आला. ‘बाई गेल्या.’ आदल्या दिवशी संध्याकाळी तर आम्ही बोललो होतो. ‘उद्या बोलू,’ म्हणाल्या होत्या. मी श्रीनिवासला तीनतीनदा विचारलं, कुठल्या बाई, आणि तो बिचारा तीनतीनदा सांगत राहिला.

दुसऱ्याच दिवशी बुधवार होता. शोकसभा म्हणून सगळे जमले. श्रीनिवासनं घरून कडक भाकरी आणि चटणी आणली होती. मला चार शब्द बोलायला सांगितलं. मी फळ्याशी गेले आणि दुरुस्तीतली ती ओळ लिहिली, ‘हा दोष हिने प्रथम दाखवला.’ मग लाल खडू घेतला, तिच्याभोवती वर्तुळ काढलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. शेवटी ‘दाखवला’ पुसून तिथं ‘लपवला’ लिहिलं आणि मगच वर्तुळ पुसलं.

मग श्रीनिवासनं डबा उघडला, भाकरी मोडली आणि रीतीप्रमाणे पहिला तुकडा माझ्या हातात ठेवला. तो मी हातातच धरून ठेवला. लोक ज्याचं इतकं कौतुक करत होते ते धाडस माझ्यात नव्हतंच. बाईंच्या रिकाम्या तिसऱ्या बाकाकडे बघण्याइतकंसुद्धा नव्हतं.