गाळलेली दोन पानं

१. आषाढ पौर्णिमेला आमच्या वस्तीतल्या बुद्धविहारात वर्षावासाचं, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांचं, ग्रंथवाचन सुरू झालं. रोज संध्याकाळी सात ते साडेसात.
२. दरवर्षी माझी आई वाचते. यंदा तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, म्हणून बावीस दिवसांपासून मी वाचतेय.
३. परवा मंगळवारी मी दोन पानं गाळली. मुद्दाम.
४. पकडली गेले.

आश्विन पौर्णिमेपर्यंत ग्रंथ पूर्ण व्हायला हवा. मी पहिल्याच दिवशी एक्सेलमध्ये रोजची पानं ठरवून टाकली होती. पण इथे दर पानाला कुणी ना कुणी थांबवतं... घरातलं काही आठवतं, ते सांगून झाल्याशिवाय पान उलटत नाही. मी एकोणीस पानं मागे पडले होते.

त्या दोन पानांतलं बरंचसं आधी येऊन गेलंय असं मला वाटलं. आवाज न बदलता पुढचं पान सुरू केलं.

"थांब वं पोरी. दोन पानं कुठी गेली?"

शेवंतामावशी. हॉस्टेलच्या मेसमध्ये पोळ्या करतात. शाळेत कधी गेल्या नाहीत, ग्रंथ मात्र दरवर्षी पूर्ण ऐकतात.

मी म्हटलं, वेळ कमी आहे. त्यावर ऐकायला बसलेल्या सगळ्या बायका हसल्या. "इंजिनियर आहे ना माय, लवकर घरी जाचं असन तिले," मागून एक आवाज आला.

मावशी हसल्या नाहीत. "मले वाचता नाही येत, आयकता येते. थे पान माहं आहे. वर्षभर वाट पायतो मी त्याची."

मी मागे गेले आणि ते पान वाचलं. हातात जे काम आहे त्यावरच लक्ष ठेवण्याबद्दल आहे ते... बस, एवढंच. मी ते आधी दोनदा वाचलं असेल.

"दोनशे पोळ्या लाटतो मी रोज," मावशी म्हणाल्या. "पयले हात पोळीवर अन् जीव सुनेच्या बोलण्यावर. घरी येईस्तोवर डोकं फुटे. आता पोळी लाटताना पोळीच लाटतो. सून तेच बोलते, पण मले झोप लागते."

मी पुढचं पान वाचायला घेतलं. 

माझं काम वजनकाटे तपासण्याचं. काल इथे नागपुरातच, लकडगंजला एका धान्याच्या दुकानात होते. काट्यावर प्रमाणित वजन ठेवलं की आकडा स्थिर होईपर्यंत थांबावं लागतं... जेमतेम अर्धा मिनिट. त्या अर्ध्या मिनिटात मी नेहमी फोन बघते. पुण्याच्या एका कंपनीत इंटरव्ह्यू दिलाय, दोन महिने झाले, मेल आलेला नाही.

काल फोन बॅगेतच राहिला. मी आकडा बघत उभी होते. तो हलला, थांबला, मी लिहून घेतला. मग पुढचं वजन.

विशेष काही घडलं नाही. मेलही आला नाही. फक्त संध्याकाळी लक्षात आलं की दिवसभरात मी त्याची वाट पाहिली नव्हती. समाधान हा शब्द मी सहसा वापरत नाही, कारण तो मोजता येत नाही. कालच्या दिवसाला मात्र मला दुसरा शब्द सापडलेला नाही.

आता मुद्द्याचं. सोमवारपासून नऊ दिवस मी कामासाठी चंद्रपूरला आहे. डॉक्टरांनी आईला अजून वाचायची परवानगी दिलेली नाही, आणि येणाऱ्या बाकी बायकांना बारीक अक्षर दिसत नाही. नऊ दिवस वाचन बंद राहिलं तर पौर्णिमेपर्यंत ग्रंथ पूर्ण होणार नाही.

उत्तर नागपुरात राहणारं कुणी रोज सात ते साडेसात वाचायला येईल का? आवाज साधा चालेल. मध्ये थांबवलं तर थांबावं लागेल. पानं गाळता येणार नाहीत... मावशी समोरच बसतात.

शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा.