नानांनी पाहिलेला चमचा

जानेवारीत डोळ्यांच्या डॉक्टरांनी नानांना मशीनसमोर बसवलं, बराच वेळ पाहिलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "गेलं ते परत येणार नाही. आहे ते किती दिवस टिकेल, तेही सांगता येत नाही." पायऱ्या उतरताना नानांनी माझा दंड धरला होता. खाली आल्यावर म्हणाले, "मग चमचा राहिलाच म्हणायचा."

नाना म्हणजे माझे मिस्टर. घरात-गल्लीत सगळे नाना म्हणतात, म्हणून मीही म्हणते. पाटबंधारे खात्यात कालव्यांवर फिरण्यात त्यांची नोकरी गेली आणि त्या पायपिटीत पक्ष्यांचं वेड लागलं. पाहिलेला प्रत्येक पक्षी वहीत. चमचा मात्र नेमका हुकला. बगळ्यासारखा पांढरा, चोच टोकाला चमच्यासारखी चपटी, असा हा पक्षी दर हिवाळ्यात कुणा ना कुणाला दिसायचा आणि नाना पोहोचेपर्यंत उडालेला असायचा.

मी बत्तीस वर्षं या वेडाला हसले. माझ्या लेखी पक्षी तीनच: कावळा, चिमणी आणि दुसरं काहीतरी. आता काचबिंदूने त्यांची नजर कडेकडेने खात आणली आहे. नळीतून पाहावं तेवढंच दिसतं. तेव्हा पक्षी मी शोधायचा, मी ओळखायचा आणि मग दुर्बीण त्यांच्या डोळ्यांना लावून द्यायची, असं ठरलं. छप्पन्नाव्या वर्षी मी बिगरीत नाव घातलं.

पहिला दिवस घराजवळच, मेहरूण तलावावर. तुम्ही गेलात तर साडेसहाला पोहोचा, आठनंतर फिरणाऱ्यांची गर्दी होते. मी दुर्बिणीतून पाहिलं आणि म्हणाले, "काळा आहे."

"काळे पुष्कळ असतात. चोच?"

"आहे."

"आहे हे मलाही माहीत आहे," नाना म्हणाले. "कशी आहे? पाय कोणत्या रंगाचे? बुडी मारतो की नुसता तरंगतो?"

तोवर तो बुडाला आणि वर आला तेव्हा तोच होता की दुसरा, देव जाणे. दोन तासांत मी एक पाणकावळा ओळखला, तोही पंख पसरून उन्हात बसला होता म्हणून. हळदीकुंकू बदक समोरून पोहत गेलं तरी मला ते साधं बदक वाटलं. नाना रागावले नाहीत, आणि तेच मला लागलं. पूर्वी ते माझ्यावर चिडायचे, आता चिडायचीही उमेद राहिली नाही. घरी येऊन मी नानांच्या पक्ष्यांच्या पुस्तकातलं चमच्याचं पान पाठ केलं. नानांनी एक खूण पक्की करून घेतली होती: "बगळा टपून उभा राहतो. चमचा पाण्यात चोच घालून मान डावीकडून उजवीकडे फिरवत राहतो. लांबूनही तेवढं कळतं."

दुसऱ्या दिवशी भुसावळमार्गे यावल. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. स्टँडबाहेर चहा-पोहे बरे मिळतात, पुढे काही मिळत नाही म्हणून पोटभर खाऊन घ्या. तिथून सातपुड्याच्या बाजूला एक पाझर तलाव आहे. रिक्षावाल्याने जाऊन-येऊन, थांबून, चारशे घेतले. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मधून कच्ची वाट. वाटेत मी "सातपुडा छान दिसतोय" म्हणाले आणि जीभ चावली.

बांधावर बसून तासभर झाला असेल. वारा सुटला होता. पलीकडच्या काठाशी पाण्यात काहीतरी पांढरं मला दिसलं. उंच. खाली काळं, लांबट. आणि ते हलत होतं, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, एका लयीत.

"नाना, चमचा."

"मान फिरवतोय?"

"फिरवतोय."

मी दुर्बीण तशीच धरून त्यांचं डोकं मागून हळूच पुढे आणलं. ते म्हणाले, "दिसला. दिसला गं." बराच वेळ पाहत राहिले. दुर्बीण खाली घेतली तेव्हा गाल ओले होते. आमच्या लग्नानंतर याआधी मी त्यांना रडताना पाहिलं ते एकदाच, त्यांची आई गेली तेव्हा.

मी फोटोसाठी बांधावरून पुढे गेले. वळणावर एक आबा सायकल हातात धरून बागेकडे निघाले होते.

"काय पाहून राहिल्या बाई?"

"तो पक्षी. चमचा."

आबांनी कपाळावर हात धरून पाहिलं. "पक्षी कुठी? केयीच्या घडाची पिशवी हाये ती. वाऱ्यानं उडून आली न् खोडाले अडकली."

घडांवर डाग पडू नये म्हणून केळीवाले पांढऱ्या पिशव्या चढवतात. मला हे कुणी सांगायला नको होतं. माझं माहेर रावेरकडचं. मागच्याच वर्षी भावाच्या मळ्यात मी हौसेने चार घडांना पिशव्या चढवल्या होत्या. काळं दिसत होतं ते बुडालेलं लाकूड, आणि मान फिरवत होता तो वारा. केळीच्या मुलखातली लेक, आणि तिला पिशवीत पक्षी दिसला. तुम्ही त्या बाजूला जाणार असाल तर पक्ष्यांच्या आधी पिशव्या ओळखायला शिका.

मी परत आले. नाना म्हणाले, "उडाला का?"

"उडाला," मी म्हणाले.

तिसऱ्या दिवशी धुळे. एरंडोल, पारोळा करत बसने अडीच तास, हायवे चांगला आहे. देवपूरला माझ्या बहिणीकडे उतरलो. जेवायला भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी होती. नाना जेवायचं सोडून मेव्हण्यांना चमचा सांगत होते. मान कशी घुसळत होता, हाताने करून दाखवत होते. बहीण माझ्याकडे कौतुकाने पाहून म्हणाली, "तू शोधलास?" मी भाकरी वाढायला उठले.

दुसऱ्या सकाळी नकाणे तलावावर गेलो. रिक्षावाल्या भाऊने बांधाजवळ सोडलं आणि हात दाखवला. "ताई, बठ्ठा पाखरं त्या आंगे शेतस."

त्या बाजूला, उथळ पाण्यात, पाच जण होते. या वेळी मी पुस्तक उघडलं नाही. माना डावीकडे-उजवीकडे चालल्या होत्या. एकाने डोकं वर काढलं तेव्हा चोच स्वच्छ दिसली. काळी, चपटी आणि टोकाला पिवळी. तो पाणकावळा सोडला तर आयुष्यात मी बिनचूक ओळखलेला हा पहिला पक्षी, आणि तो पाहताना माझं काळीज बसलं.

"नाना, चमचे. पाच."

त्यांनी दुर्बीण घेतली. मी डोकं धरलं, खांदा वळवला, "अजून थोडं डावीकडे, त्या झुडपाच्या खाली" म्हणत राहिले. पाण्यावर ऊन चमकत होतं. दहा मिनिटं झाली. त्यांच्या नळीत पाणीच येत होतं, पक्षी येत नव्हते.

"बघा ना अजून एकदा," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता.

"राहू दे गं. एवढा जीव का काढतेस? आपला यावलचा झालाय ना."

त्यांनी दुर्बीण माझ्या गळ्यात अडकवली. पाच चमचे आणखी अर्धा तास तिथेच चरत होते. मी त्यांच्याकडे पाठ करून बसले.

घरी येऊन आठवडा झाला. वहीत नानांनी माझ्याकडून लिहून घेतलं: चमचा, एक, यावल. ते माझ्या अक्षरात आहे. काल पुन्हा दवाखान्यात गेलो होतो. डॉक्टर म्हणाले, नळी अजून बारीक झाली आहे. खरं सांगितलं तर त्यांच्याकडे काय उरतं? आणि नाही सांगितलं तर बत्तीस वर्षांत मी त्यांना दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे एक फाटकी पिशवी. यातलं काहीच मला सोसत नाही. तुमच्यापैकी कुणाला नाना मेहरूणवर भेटले, तर कृपा करून हे बोलू नका.

शेवटचं एवढं आज दुपारी लिहिते आहे. माझी प्रत्येक पोस्ट नाना वाचून घेतात. आजही जेवण झाल्यावर म्हणाले, "वाच." मी वाचलं. आबा भेटले ते गाळलं, पिशवी गाळली, उडाला म्हणून सांगितलं आणि थेट धुळ्याच्या एसटीत येऊन बसले.

नानांनी मला तिथेच थांबवलं. म्हणाले, "यावलच्या चमच्याच्या चोचीचं टोक लिहिलं नाहीस. पिवळं असतं. तुला दिसलं होतं का?"

"दिसलं होतं," मी म्हणाले.

"मला नाही दिसलं. पुष्कळ पाहिलं. माझ्याच डोळ्यांचा दोष."

मी पुढचा परिच्छेद वाचायला घेतला.