एकशे सदतीस नंबरचं घर

आधीच सांगून टाकते — आमच्या घरात लिंबू कापलं जातं ते सरबतासाठी आणि मिरची लागते ती ठेच्याला. उतारा, अंगात येणं, बाहेरची बाधा... यातलं काही मी कधी मानलं नाही. माझे वडील धामणगाव रेल्वेला शाळेत गणित शिकवायचे. भुताची गोष्ट सांगायला कुणी आलं की, "किती वाजले होते? अंतर किती होतं? तेव्हा चष्मा लावला होता का?" एवढं विचारून ते माणसाला वाटेला लावत. मी त्यांचीच पोरगी. भुताखेतांच्या या ग्रुपवर गेली चार वर्षं मी नुसती वाचते, आणि खरं सांगू का, मनातल्या मनात हसतेही. पण मागच्या आठवड्यात एका घरी चहा प्यायले आणि तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. म्हणून लिहितेय.

गोष्ट २००६ ची. एमएसडब्ल्यू करून मी अमरावतीला घरी बसले होते. त्या वर्षांत आमच्या वऱ्हाडात पाऊस कमी आणि सर्व्हेवाले जास्त, अशी गत होती. गावात जीप थांबायची, चार जण उतरायचे, फॉर्म भरायचे, चहा प्यायचे आणि जायचे. परत फिरकत कुणी नसे. पारावरची म्हातारी माणसं आम्हाला पाहिलं की म्हणायची, "आता कोनता फारम आनला व बाई?" मीही अशाच एका संस्थेत लागले. खेड्यातल्या लहान मुलांच्या तब्येतीचा अभ्यास होता. फेब्रुवारी-मार्चमध्ये नांदगाव खंडेश्वर तालुक्यात घरोघर फिरायचं आणि उन्हाळ्यात अकोल्याच्या ऑफिसात बसून ते सगळं कम्प्युटरमध्ये भरायचं.

पद्धत अशी होती. आमच्या आधी एक टीम गावात जाऊन प्रत्येक दारावर खडूने नंबर घालायची. मग त्यातली वीस घरं चिठ्ठ्या काढून निवडायची. ज्या घराचा फॉर्म भरून झाला, त्याच्या नंबरापुढे आपण खडूने बरोबरची खूण करायची. मी ती खूण वडिलांसारखी करते — शेपूट लांब ओढून वर एक टिंब. त्यांच्या हाताखाली वह्या तपासून लागलेली सवय. घराला कुलूप असेल तर वेगवेगळ्या वेळी तीनदा जायचं, पण शेजारचं घर घ्यायचं नाही.

एका गावात माझी एकोणीस घरं झाली. राहिलं फक्त एकशे सदतीस नंबर, आणि तेही गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. दुपारची वेळ, चपलेचा अंगठा तुटलेला, चारची एसटी चुकली तर मुक्काम. गल्लीच्या तोंडाशी उभी राहून मी लांबूनच बघितलं. दाराला कुलूप दिसलं. निदान मला तसं दिसलं. मी तिथूनच मागे फिरले, स्टँडवरच्या निंबाखाली बसले आणि फॉर्म मनानेच भरून टाकला. घरात माणसं चार. मुलगी एक, वय आठ. ताप नाही, खोकला नाही, खेळताना दम लागतो का — नाही. खोटं लिहितोय तर निदान पोरगी ठणठणीत तरी असू दे, असा माझा उदार विचार! दहा मिनिटांत काम झालं. लाज वाटली का? तेव्हा नाही वाटली. एसटी मिळाली याचाच आनंद झाला.

एप्रिलात अकोल्याला गेले. आणि अकोल्याचा एप्रिल... ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. दोन खोल्यांचं ऑफिस, दोन कम्प्युटर, एक कुलर आणि दिवसातून दोनदा जाणारी लाइट. तिथे रिझवाना बाजी होती — बाजी म्हणजे ताई. वय पस्तिसेक, अकोल्याचीच, वडिलांचं शिलाईचं दुकान. आकडेमोडीचं सॉफ्टवेअर ती स्वतःच पुस्तक वाचून शिकली होती आणि आता मला शिकवत होती. ज्यांनी ते वापरलंय त्यांना आठवेल — एक पान आकड्यांचं, आणि एक पान त्या आकड्यांची ओळख ठेवणारं. कोणता रकाना कशाचा, १ म्हणजे हो, २ म्हणजे नाही, हे सगळं आधी त्याला सांगून ठेवायचं.

"खाना रिकामा सोडू नको," बाजी पहिल्याच दिवशी म्हणाली. "रिकामा म्हंजे तू भरायचं विसरली. नव्व्याण्णव म्हंजे तू विचारलं, पन त्यानं सांगितलं नाई. दोनीत फरक आये. समझी?"

मी मान डोलावली. तिची शिकवायची तऱ्हा कडक होती. दहा ओळी झाल्या की सेव्ह. सगळे फॉर्म दोनदा भरायचे — एकदा मी माझ्या कम्प्युटरवर, एकदा ती तिच्या. मग दोन्ही फाइली समोरासमोर ठेवून कुठे फरक पडतो ते बघायचं. दोन्ही कम्प्युटर एकमेकांना जोडलेले नव्हते. मी भरलेलं तिला दिसत नव्हतं, तिने भरलेलं मला.

तिसऱ्या आठवड्यात तिने मला एकेक ओळ शोधून कागदाशी ताडायला शिकवलं. सरावासाठी कोणताही नंबर घे म्हणाली. माझा हात आपसूक एकशे सदतीसवर गेला. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. तो फॉर्म बाकीच्यांत मुकाट मिसळून गेलाय ना, एवढंच बघायचं होतं मला.

पडद्यावर लिहिलं होतं — माणसं तीन. मुलीचं वय सात. दम लागतो — १. म्हणजे हो.

कागद काढला. माझंच अक्षर. चार, आठ, नाही. वाटलं, भरताना चुकले असेन. दुरुस्त केलं, सेव्ह केलं, फाइल बंद करून पुन्हा उघडून पाहिली. बरोबर होतं. घरी जाताना मात्र सारखं वाटत राहिलं की एका ओळीत तीन चुका मी केल्याच कशा... दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसात पाय ठेवल्या ठेवल्या आधी तीच ओळ उघडली. तीन, सात, हो.

लाइट गेल्यामुळे झालं असेल म्हणून पुन्हा दुरुस्त केलं. दुपारी जेवून येऊन बघते तर पुन्हा तेच. बाकी कोणत्याही ओळीत काही हललेलं नव्हतं, मी वीस-पंचवीस ताडून बघितल्या. शेवटी बाजीला म्हटलं, तुझ्या फाइलमधली एकशे सदतीस दाखव.

तिच्या फाइलमध्येही तीन, सात, हो.

"जुळते ना मग? कावून परेशान आहेस?" ती म्हणाली. मी तिच्यापुढे कागद ठेवला. तिने चष्मा पुसून तो दोनदा वाचला. मग माझ्यासमोर स्वतः तीन आकडे बदलले, सेव्ह केलं, फाइल बंद केली, उघडली. तीन, सात, हो. पुन्हा केलं. पुन्हा तेच. बाजी पाच वर्षं हे काम करत होती, तिच्या कपाळावर घाम मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला, आणि कुलर तर चालू होता.

"मशीन पागल झाली," ती म्हणाली. "जाऊ दे. आपन कागद खरा धरू. हमेशा कागद खरा धरायचा अर्चना, कावून का कागद त्या घरात जाऊन आला असते. मशीन नाई गेली, मी नाई गेली."

हे ऐकलं आणि मला रडूच फुटलं. सांगून टाकलं सगळं — कुलूप, चपलेचा अंगठा, निंबाचं झाड. तिने ओरडावं असं मला वाटत होतं, ते सोपं गेलं असतं.

"तूने घर देखाच नई?" एवढंच ती म्हणाली. मग कम्प्युटर बंद करून उठली. "पर्स घे. आत्ताच जाऊ."

"बाजी, सॉफ्टवेअरचा घोळ असेल..."

"असंन. आन नसंन तं? सात वर्साची पोरगी आये तिथं. चल."

ती रात्र आम्ही माझ्या अमरावतीच्या घरी काढली. मी डोळा मिटला नाही. खोटं लिहून उभी केलेली ती पोरगी मला दिसत होती — कधी आठ वर्षांची, कधी सात. सकाळी पहिल्या एसटीने नांदगाव खंडेश्वर आणि पुढे काळी-पिवळी जीप. गावात पोचलो तेव्हा नऊ वाजले असतील. लख्ख ऊन होतं. वडिलांच्या प्रश्नांची उत्तरं म्हणून सांगते — अंतर दोन हात, आणि चष्मा मला तेव्हा नव्हता, गरजच नव्हती.

एकशे सदतीस नंबरच्या दारावर खडूचा आकडा अजून होता. आणि त्याच्यापुढे बरोबरची खूण. लांब शेपटाची, वर टिंब दिलेली.

मी बाजीला काही सांगायच्या आत दार उघडलं. पस्तिशीच्या आतली बाई, हाताला पीठ लागलेलं. माझ्याकडे बघून तिचा चेहरा असा फुलला की मी मागे वळून पाहिलं, माझ्यामागे कुणी आहे का म्हणून.

"या बाई! लय दिवस लावले तुमी. मले वाटलं बाकीच्याइवानी तुमी बी इसरल्या."

"तुम्ही... मला ओळखता?"

"आता घ्या! मांगं आल्या नोत्या का तुमी? अथीच बसल्या होत्या ह्या खाटेवर. पानी पेल्या. तुमची चप्पल तुटेल होती, त मी सुतळी नाई बांधून देल्ली?"

चप्पल स्टँडवर बसल्यावर मी काढून ठेवली होती. सुतळी... त्या दिवशी एसटीत चढताना अंगठ्याला सुतळी बांधलेली होती, हे मला आठवतं. कुणी बांधली ते आजही आठवत नाही. खूप प्रयत्न केलाय.

"पण ताई, त्या दिवशी तुमच्या दाराला कुलूप होतं."

"कुलूप? पोरीले बरं नोतं त मी घरीच होती. तुमी सारं इचारलं. घरात किती मानसं, त मी म्हनलं तीन — मी, सासू आन पोरगी. मालक नांदगाव पेठीत कापडाच्या कारखान्यात, तथंच रायतात. मंग तुमी पोरीचं इचारलं. तिले खेलताना दम लागते, ओठ निळे पडते म्हनलं. तुमी म्हनल्या, मी परत येतो, कोन्या दवाखान्यात न्यायचं ते सांगतो, तवरीक तिले पळू देऊ नोका." तिने आत बघून हाक मारली. "म्हून मी तिले पळू नाई देल्लं. दोन मयने वाट पाहून राह्यली मी."

पोरगी बाहेर आली. ओसरीची एक पायरी उतरली आणि थांबून श्वास घेतला. वय सात.

बाजी माझ्याकडे बघत होती. मी कुणाकडे बघत होते कोण जाणे. भीती वाटली का, असं तुम्ही विचाराल. भीती नंतर वाटली. तेव्हा फक्त एवढंच कळत होतं की या बाईने माझ्या नावावर कुणीतरी दिलेल्या शब्दाची दोन महिने वाट पाहिली आहे, आणि तेवढ्या वेळात या पोरीचं काहीही होऊ शकलं असतं. बाजीच बोलली. "सांगायले आलो ना आमी. सांगायले नाई, न्यायलेच आलो. हिले तयार करा."

त्याच दुपारी अमरावतीला दाखवलं. हृदयाला छिद्र होतं. पुढे नागपूरला ऑपरेशन झालं, त्यासाठी कागदपत्रं गोळा करत बाजी आणि मी किती उंबरे झिजवले ती वेगळी कथा आहे. डॉक्टर म्हणाले, हा पावसाळा तिने काढला नसता. मी संस्थेच्या साहेबांना जाऊन खरं सांगितलं. तो फॉर्म रद्द झाला आणि ते गाव मी पुन्हा केलं, वीसच्या वीस घरं. एकशे सदतीसचा नवा फॉर्म बाजीने भरला. तीन, सात, हो. त्यानंतर त्या ओळीत पुन्हा काही हललं नाही.

कारणं मी सगळी शोधली. फाइल बिघडली असेल. पण दोन वेगळ्या कम्प्युटरवर एकसारखी? दुसरी कुणी पोरगी सर्व्हेला गेली असेल. पण त्या गावात मी एकटीच होते. उन्हात मला चक्कर आली असेल, मी खरंच त्या घरी गेले असेन आणि विसरले असेन. मग निंबाखाली बसून चार, आठ, नाही असं कुणी लिहिलं? वडिलांना सांगितलं तेव्हा त्यांनी तीन प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माणसाला वाटेला लावलं नाही. बाजी म्हणते, "अल्लाला काम करायचं होतं, तुझी सूरत वापरली." मला ते पटत नाही. पण माझ्याकडे दुसरं काही नाही.

आणि मागच्या आठवड्याचं. पोरगी आता चांगली मोठी झाली आहे, अमरावतीला कॉलेजात आहे. तिलाही प्रोजेक्टसाठी फॉर्म भरायचेत आणि तेच सॉफ्टवेअर शिकायचंय. मला गावी बोलावलं होतं. त्याच खाटेवर बसून मी तिला पहिला धडा दिला — घरी गेल्याशिवाय फॉर्म भरायचा नाही. काही झालं तरी नाही.

तिची आई चहा घेऊन आली होती. हसून लेकीला म्हणाली, "आयक, नीट आयक. त्या दिसी ह्या बाई तुटक्या चपलीनं आपल्या घरी आल्या म्हून तू हायेस."

पोरीने वाकून माझ्या पायाला हात लावला. मी कप तोंडाला लावला आणि चहा पीत राहिले. मी त्या दिवशी आलेच नव्हते, हे त्या बाईला मी आजपर्यंत सांगितलेलं नाही.