स्वीडनचा मुक्काम दक्षिण आफ्रिकेत

स्वीडन हा देश दक्षिण आफ्रिकेच्या पोटात आहे, असं मी दीडशे माणसांसमोर, माईकवरून, दोनदा सांगितलेलं आहे.

दोनदा अशासाठी, की पहिल्यांदा मागच्या रांगेत नीट ऐकू गेलं नव्हतं.

मी याद्या करणारी बाई आहे. किराणा, औषधं, कुणाकडे कुणाचा डबा राहिलाय, सगळ्याची यादी. त्या वर्षीच्या ऑगस्टच्या यादीत पाचवं काम होतं ‘गहू दळून आणणे’, सातवं ‘पंखे पुसणे’ आणि मधलं सहावं ‘नानांना घराबाहेर काढणे’. नाना म्हणजे माझे सासरे. छत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेले. आमची अर्धी रावपुरा पेठ त्यांच्या हाताखालून शिकून गेलेली. पण सासूबाई गेल्यापासून दोन वर्षं ते गॅलरीतल्या खुर्चीतून उठले नव्हते. मंडळाच्या गणपतीलाही नाही.

तेव्हा मी मंडळाच्या सचिवांना, दिघेंना, गाठलं. म्हटलं, “या वर्षी प्रश्नमंजूषा ठेवू. विषय, जगाचा आश्चर्यकारक भूगोल. तयारी मी करते.”

“पण मीनाबेन, येणार कोण?”

“नाना येतील,” मी म्हटलं.

आणि नाना आले! विषय ऐकून स्वतः कपाटातून इस्त्रीचा सदरा काढला. ‘विश्वामित्री’ संघात पहिल्या खुर्चीवर बसले. मी सहाव्या कामावर बरोबरची खूण केली.

आता माझी पद्धत सांगते, म्हणजे पुढचा अपराध कळेल. प्रश्न निळ्या वहीत, उत्तरं लाल वहीत. निळी वही स्वयंपाकघरात, लाल वही देवघरात. (घरातच दोन स्पर्धक होते. नाना आणि आमचे हे.) शिवाय माझं तत्त्व असं, की एकदा यादीत लिहिलेली गोष्ट डोक्यातून काढून टाकायची. नाहीतर यादी करायचीच कशाला?

स्पर्धेच्या आदल्या दिवशी गॅसचा नंबर शोधताना ह्यांनी निळी वही उघडली आणि तिसरा प्रश्न मोठ्यांदा वाचला. “सर्वात जास्त टाइम झोन कोणत्या देशाचे? रशिया ना गं?”

उत्तर चुकलं होतं, पण पेपर फुटला तो फुटलाच! मी तिसरा प्रश्न तिथल्या तिथे खोडला, पुढच्या प्रश्नांचे नंबर एकेक करून वर सरकवले आणि समाधानाने वही मिटली.

देवघरातल्या लाल वहीत काय करायला हवं होतं, ते तुम्हाला कळलं असेल. मला नाही कळलं.

पहिला प्रश्न, जगातलं सर्वात मोठं वाळवंट. समोरचा ‘नर्मदा’ संघ ओरडला, “सहारा!” नाना शांतपणे म्हणाले, “अंटार्क्टिका. पाऊस जवळजवळ नाही, म्हणून वाळवंटच.” बरोबर! मांडवात टाळ्या. “शुं वात छे, सर!” मागून कुणी जुना विद्यार्थी ओरडला. दुसरा, एकही कायमची नदी नसलेला सर्वात मोठा देश. नाना म्हणाले, “सौदी अरेबिया.” पुन्हा टाळ्या. नानांची मान दोन वर्षांनी ताठ झालेली मी पाहिली.

तिसरा. “सर्वात जास्त पिरॅमिड कोणत्या देशात?”

“इजिप्त,” नर्मदा.

“सुदान,” नाना.

मी लाल वहीत पाहिलं. तिसरं उत्तर. “दोन्ही चूक. फ्रान्स!”

मांडवात कुजबुज झाली. मग ह्यांनीच मला सावरलं (घरी जेवायचं होतं ना!). “बरोबर आहे की! पॅरिसला तो काचेचा आहे, म्युझियमच्या दारात.”

“एकच आहे तो,” नाना पुटपुटले.

चौथा. सर्वात जास्त बेटं कोणत्या देशाची? नाना म्हणाले स्वीडन. मी म्हटलं सुदान.

“सुदानात बेटं?” दिघेंनी विचारलं.

“नाईलमध्ये असतील ने,” कुणीतरी म्हणालं. “मोठी नदी आहे.” विषयच आश्चर्यकारक होता. जेवढं उत्तर अशक्य, तेवढ्या टाळ्या जास्त!

पाचवा. “चारही बाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला देश?”

एव्हाना नर्मदा संघाच्या शिर्केवहिनींना गोम कळली होती. ज्या देशाचा काडीचा संबंध नाही, त्याचं नाव घ्यायचं. त्या ठणकावून म्हणाल्या, “नॉर्वे!”

“जवळ आलात!” मी म्हटलं. “स्वीडन. शेजारचाच देश, म्हणून अर्धा गुण.”

(नॉर्वे आणि स्वीडन शेजारी आहेत, हे मला आठवलं. दोघे मिळून कुठे आहेत, हे त्या क्षणी आठवलं नाही.)

नाना उभे राहिले. “सूनबाई, लेसोथो. स्वीडन युरोपात आहे.”

“नाना, वहीत स्वीडन आहे.”

“वहीत असेल. मी नकाशाबद्दल बोलतोय.”

दीडशे माणसं माझ्याकडे बघत होती. मी माझं शस्त्र काढलं. “नियम क्रमांक सात. परीक्षकांचा निर्णय अंतिम. हरकत घेतल्यास वजा पाच.”

“अरे, जवा दो ने काका, सोडून द्या!” मागून आवाज आला. कुणीतरी हसलं. नाना खाली बसले.

सहावा प्रश्न, दोन खंडांत पसरलेलं शहर. मी उत्तर वाचलं, “लेसोथो.” नानांनी माझ्याकडे नुसतं पाहिलं. मघाचा त्यांचा देश दोन मिनिटांत शहर झाला होता! त्यानंतर ते एकाही प्रश्नाला बोलले नाहीत. उरलेल्या प्रश्नांत मी जगाचं काय केलं, ते सांगत नाही. शेवटी लाल वहीत एक उत्तर जास्तीचं उरलं. मला वाटलं, लागलं तर असावं म्हणून मीच लिहून ठेवलं असेल. काय माझी दूरदृष्टी!

नर्मदा संघ जिंकला.

सकाळी शिर्केवहिनींचा फोन. “मीनावहिनी, किती उपकार तुमचे! माझी भाची शनिवारी स्वीडनला चालली आहे ना शिकायला. मी लगेच करजणला बहिणीला कळवलं. तिने पोरीच्या बॅगेतून सगळे स्वेटर काढले आणि खाखरे भरले!”

मी फोन ठेवला. गॅलरीत गेले तर नाना भिंग घेऊन अ‍ॅटलासवर वाकलेले. बोट युरोपवर.

“नाना, काय बघताय?”

“स्वीडन,” ते म्हणाले. “आहे अजून. मला वाटलं, दोन वर्षं घरात बसलो, तेवढ्यात काही बदललं असेल. सुदानाचे नाही का दोन झाले? आपल्याला कुणी सांगत नाही आता.” मग अ‍ॅटलास मिटून माझ्या हातात दिला. “रद्दीत घाल हा. माझंच चुकत असेल.”

मी दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या. आयुष्यात पहिल्यांदाच. अर्ध्या मिनिटात कळलं. मग जिथे होते तिथेच, देवघरात, फरशीवर बसले. हा माणूस बरोबर असताना मी त्याला भर मांडवात चूक ठरवलं होतं. वर वजा पाच! आणि त्याने ते मान्य करून टाकलं होतं.

आधी करजणला फोन केला. “स्वेटर परत भरा!”

“का? हवा बदलली?”

“नाही. देश जागेवर गेला.”

मग नानांना सगळं सांगितलं. संध्याकाळी “फक्त आरतीला” म्हणून त्यांना नेलं आणि आरती संपल्यावर माईक घेतला. “काल तिसऱ्या प्रश्नापासून सगळी उत्तरं चुकीची होती. चूक माझी. नाना बरोबर होते. मी त्यांची आणि स्वीडनची माफी मागते.”

हसू उसळलं. ते माझ्यावर होतं, आणि तेवढं माझ्या वाट्याला यायलाच हवं होतं. मी माईक नानांपुढे धरला. ते दोन मिनिटं बोलतील असं वाटलं. पाऊण तास बोलले! एकटं लेसोथो वीस मिनिटं चाललं. प्रसादाचा शिरा गार झाला, पण कुणी उठलं नाही. शेवटी नानांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, “परीक्षकांना वजा पाच. हरकत चालणार नाही. नियम क्रमांक सात.”

पुढच्या वर्षीपासून प्रश्नमंजूषा नानांकडे गेली. एकच वही, एकाच पानावर प्रश्न आणि उत्तर. माझ्याकडे दिघेंनी “जोखमीचं नाही असं” काम दिलं, मांडवाबाहेर चपला सांभाळण्याचं. मी लगेच टोकनं केली, नंबर घातले, यादी केली. तिसऱ्या दिवशी एक टोकन हरवलं. मी तो नंबर यादीतून खोडला आणि पुढचे सगळे एकेक करून वर सरकवले.

त्या दिवशी आरतीनंतर दिघे शिर्केवहिनींचे सँडल हातात धरून उभे होते. नाना अनवाणी माझ्यापाशी आले आणि हळूच म्हणाले, “सूनबाई, माझे जोडे बहुधा स्वीडनला गेले. आता तो देश कुठे आहे, तेवढं सांग.”